सहज आलो होतो

बोटीवरची दीड-दोन हजार माणसं मौज करायला आली होती आणि मी एकटा दातओठ खात डेकवर फेऱ्या मारत होतो. सकाळी सातला गरम पाण्याच्या टबात बसून ज्यूस पिणारी माणसं दिसली की माझं डोकं फिरायचं. आम्हा नागपूरकरांचा समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. त्यामुळे पाण्याचं कौतुक आम्हाला इतरांपेक्षा जरा जास्तच. पण चहूकडं पाणीच पाणी आणि सुटका नाही, अशी वेळ आली की फुटाळाच बरा वाटतो. तिथून निदान ऑटो करून घरी तरी जाता येतं.

बायको मात्र शाल पांघरून आरामखुर्चीत शांत बसलेली असायची. कुणालाही वाटलं असतं, बाई किती हौसेनं फिरायला निघाली आहे. तिच्या पोटात गाठ होती. ऑपरेशनचा उपयोग नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तिनं प्रवासाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, जायचं तर आत्ताच जा, पुढच्या वर्षावर टाकू नका. बाहेर येऊन आम्ही लिफ्टसमोर उभे राहिलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मले पोराले पाहायचं आहे."

आमचा एकुलता एक मुलगा न्यूझीलंडला असतो. चार वर्षांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि त्यात दोष माझा होता. हे आता लिहायला सोपं जातं. त्याला मूल होणार होतं तेव्हा त्यानं फोन करून आईला सहा महिन्यांसाठी बोलावलं. घरोघरच्या आया जातात तशी तीही बॅग भरायला लागली होती. माझं काय बिनसलं होतं कोण जाणे. कदाचित मला कुणी बोलावलं नाही, याचाच राग असेल. मी तिच्या हातून फोन घेतला आणि म्हणालो, "तुले आई नाही पाहिजे, फुकटची आया पाहिजे. माझी बायको तुमची मोलकरीण नाही." तिकडं फोन स्पीकरवर होता. सूनबाईनं सगळं ऐकलं. बॅग पुन्हा माळ्यावर गेली. बायको नंतर लपूनछपून फोन करायची. तो दर वेळी म्हणायचा, बाबांना दे, त्यांनी एकदा सुनेशी बोलावं. मी कधी घेतला नाही. हळूहळू ते फोनही सणावारापुरते उरले.

आता जायचं तर कोणत्या तोंडानं? मी येऊ का म्हणून विचारणार नव्हतो. त्यातही बायकोची अट होती. "बिमारीचं त्याले सांगायचं नाही. दया करून त्यानं मले जवळ घेतलेलं मले नाही पाहिजे." मग तिनंच मनीषनगरच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून ही बोट शोधून काढली. सिडनीहून निघायचं, फिजीची बेटं पाहायची, मग न्यूझीलंडची बंदरं. त्यातलं एक बंदर असं, की तिथून मुलाचं गाव गाडीनं सव्वा तासावर. बोट तिथं सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार थांबणार. इकडं आलोच होतो, म्हणून सहज डोकावलो, असं म्हणायची सोय झाली. त्याला आधी कळवायचंही आम्ही टाळलं. आपल्या माणसाच्या घरी सांगून जायला आपण का परके आहोत? नागपुरात आमच्या बेसाहून शेजारच्या मनीषनगरला जावं तशी ही रीत मी साता समुद्रापार लावली.

फिजीला आम्ही दिवसभरासाठी टॅक्सी केली होती. उसाची शेतं, त्यामागं हिरवेगार डोंगर, डोंगरांमागं निळं पाणी. ड्रायव्हर हिंदी बोलणारा निघाला, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. त्याची हिंदी निराळीच होती, तरी आमची गट्टी जमली. मुलंबाळं किती, त्यानं विचारलं. मी म्हणालो, एक मुलगा. कुठं असतो? मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मागच्या सीटवरून बायको हिंदीत म्हणाली, "उसी के पास जा रहे हैं." एवढ्या तयारीत हे खरं वाक्य आमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललं होतं, तेही एका परक्या माणसापाशी. मला तिचा राग आला. दिवसभर मी तिच्याशी धड बोललो नाही. आता त्या दिवसाची आठवण झाली की मला माझीच लाज वाटते.

त्या बंदरात आम्ही सगळ्यांच्या आधी उतरलो. धक्क्यावर एक कुत्रा घेऊन गणवेशातली पोरगी उभी होती. कुत्रा सरळ बायकोच्या पर्सपाशी येऊन बसला. पर्समध्ये पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, अशा बंदोबस्तात कुरडया होत्या, वाळलेली बोरं होती आणि मेथीचे लाडू होते. उन्हाळ्यात गच्चीवर एवढुशा ताकदीनिशी तिनं कुरडया घातल्या होत्या. मला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. बाहेरचं खाणं त्या देशात उतरवता येत नाही, हे बोटीवर रोज सांगत होते. तिला वाटलं, घरच्या वस्तूला कोण अडवणार? त्या पोरीनं आम्हाला बाजूला नेलं, कागद भरून घेतले, समज दिली आणि अगदी अदबीनं सगळं पिवळ्या डब्यात टाकलं. बायको त्या डब्याकडं पाहत राहिली. "बोरं तरी ठेवा म्हणा न तिले," ती मला म्हणाली. मी तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं. तास गेला तो गेलाच.

भाड्याची गाडी घेतली आणि निघालो. डाव्या बाजूनं चालवायचं, आपल्यासारखंच, तेवढं एक बरं. रस्ता असा, की कॅलेंडरवाले खोटी चित्रं छापत नाहीत हे पटावं. टेकड्यांवर मेंढ्या, वळणावळणाला खाली समुद्र. लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते. बायको फक्त घड्याळ पाहत होती. "थांबू नका, चाला," एवढंच म्हणायची.

घर सापडलं. बेल वाजवली. कुणी नव्हतं.

शनिवार होता, म्हणजे तो घरीच असणार असं आम्ही गृहीत धरलं होतं. एक फोन केला असता तर कळलं असतं. नंबर तिच्याकडं होता. ती दोनदा म्हणाली, लावू का? मी म्हणालो, येईल एवढ्यात. आम्ही गाडीत बसून राहिलो. साडेअकरा, बारा, साडेबारा. तिला बसवेना. पोटावर हात दाबून ती सीटवर आडवी झाली. मग तिला बाथरूमला जायचं होतं. शेजारची म्हातारी बाई झाडांना पाणी घालत होती, तिच्यापुढं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत हात जोडले. तिनं घरात नेलं. मुलाच्या दारात येऊन दुसऱ्याच्या घरी बाथरूम मागायची वेळ माझ्या बायकोवर आली होती. परत आल्यावर तिनं गोळी घेतली आणि केस सारखे केले. "चेहरा बरा दिसते न?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

दोनला गाडी आली. तो पोराला पोहायला घेऊन गेला होता. सून कामावर होती. आम्हाला पाहून तो गाडीचा दरवाजा अर्धा उघडा ठेवून तसाच उभा राहिला. मी ठरवलेलं वाक्य फेकलं. "सहजच आलो. बोट इथं थांबली होती, म्हटलं डोकावून जाऊ."

"अच्छा," तो म्हणाला. "या न. बसा."

पाऊण तास होता हातात. त्या पाऊण तासात माझ्या मुलानं आमचा इतका नीट पाहुणचार केला, की ओरडावंसं वाटलं. पाणी घेता का? चहात साखर चालते ना? प्रवास कसा झाला? आणि मी, चार वर्षं ज्याच्यासाठी कुढत होतो त्या पोरासमोर बसून, त्याला बोटीवरच्या जेवणाचं वर्णन सांगत होतो. किती प्रकारची सॅलडं असतात. फिजीत टॅक्सीवाला कसा हिंदी बोलला. थांबताच येत नव्हतं. थांबलो असतो तर दुसरं काहीतरी बोलावं लागलं असतं. कानशिलांवर त्याचे केस पिकले होते. बायको त्याच्याकडं टक लावून पाहत होती, नजरेनंच जेवल्यासारखी.

"आई, बारीक झाली तू," तो मध्येच म्हणाला.

"रोज वॉकिंग करते," मी म्हणालो. माझी जीभ झडली का नाही त्या वेळी?

नातू साडेतीन वर्षांचा. ओल्या केसांनी दाराआड उभा राहून बघत होता. हे कोण, त्यानं बापाला इंग्रजीत विचारलं. ते मोठ्या बोटीवरून आले आहेत, मुलानं इंग्रजीतच उत्तर दिलं. आजी-आजोबा म्हणाला नाही. बायकोनं हात पुढं केला. पोरगा बापाच्या पायाला बिलगला.

निघताना तो गेटपर्यंत आला. "मस्त फिरा," म्हणाला. "पुढच्या वेळी आधी सांगा, सुट्टी काढता येईल."

वीस मिनिटांचा रस्ता मागं पडला. मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी म्हणे." जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "त्याले खरंच वाटलं, आपण बोट पाहाले आलो. झालं पाहून. चाला आता." आवाजात रडणं नव्हतं. रडली असती तर मी गाडी चालवत राहिलो असतो. मी ब्रेक मारला. मागचा माणूस हॉर्न वाजवत निघून गेला.

"काहून थांबले? बोट सुटंल."

"सुटू दे."

"माझ्या गोळ्या आहेत तिच्यावर. कपडे आहेत."

"इथं काय मेडिकल नसतात?" मी गाडी वळवली. "मी सांगून राहिलो त्याले सगळं. तुझी अट गेली खड्ड्यात." वाटलं, ती भांडेल. ती सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरून बसली.

बेल वाजवली. त्यानं दार उघडलं आणि आधी घड्याळ पाहिलं. "काय राहिलं? वेळ होते न तुम्हाले."

मी काही जुळवून आणलं नव्हतं. "सहज नाही आलो गा," मी म्हणालो. "तुलेच पाहाले आलो. बोटीचा बहाणा होता. तुझ्या आईच्या पोटात गाठ आहे, डॉक्टरनं हात टेकले. अन् मी तेव्हा फोनवर जे बोललो ते घाण बोललो. चुकलो मी. तुझ्या बायकोचे पाय धरतो."

त्यानं माझ्या खांद्यावरून गाडीकडं पाहिलं. आई अजून आतच बसली होती. मग तो फुटला. "कधीपासून? कधीपासून माहीत आहे तुम्हाले? अन् मले कोणी नाही सांगितलं? मी का मेलो होतो का? इथं बसून चहा पेले, सॅलडचं सांगून राहिले होते मले! तिच्या पोटात दुखून राहिलं असंल अन् तुम्ही वॉकिंग म्हणता? शरम नाही वाटत?" तो रडत होता आणि ओरडत होता. पोरगा आतून धावत आला. शेजारची बाई बाहेर आली. बायको कशीबशी गाडीतून उतरली, हळू बोल म्हणाली, त्यानं ऐकलंही नाही.

एरवी असं कुणी मला बोललं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. मी दारात मान खाली घालून उभा राहिलो. हा माझा मुलगा होता, बेसाच्या घरात जिन्यावर उभा राहून असाच भांडायचा. चार वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी पाहुण्यासारखा वागत नव्हता. त्यानं बोलतच राहावं असं मला वाटत होतं. कारण तो थांबला की आईकडं वळणार होता, आणि डॉक्टरांनी किती दिवस सांगितले ते तिला विचारणार होता.