कपाळाला लावलेली बॅटरी

देवाला मी कधी फारसा त्रास दिला नाही. सकाळी दिवा, संध्याकाळी उदबत्ती, बाकी त्याने त्याचं बघावं नि मी माझं, असा आमचा सरळ व्यवहार. त्यात आमच्या देव्हाऱ्यातली देवी रेडियमची. सासूबाईंनी कुठल्याशा जत्रेतून आणलेली प्लास्टिकची मूर्ती, लाईट गेली की हिरवट चमकते. सासूबाई तेवढ्यात हात जोडायच्या आणि म्हणायच्या, "बघ, आई जागी हाय." मी मनात म्हणायची, जागी कसली डोंबलाची, कारखान्यात तिच्यात मसालाच तसा भरलाय. सासूबाई गेल्या, मूर्ती मी जागची हलवली नाही. पण श्रद्धा म्हणाल तर ती बेताचीच होती.

आम्ही भाजे गावचे. मी अंगणवाडीत जाते, मालक आंबीला एका कंपनीत शिफ्टवर असतात. घरात तिसरे आबा, म्हणजे माझे सासरे, आणि गोठ्यात एकटी चंद्री गाय. आबांना अलीकडे विसर पडायला लागलाय. बैलजोडी विकून कित्येक वर्षं झाली, पण कातरवेळ झाली की ते अस्वस्थ होतात. बैल रानातच राहिले, आणायला जायचंय, असं घोकत बसतात. समजावून उपयोग नाही, उलट चिडतात. यावर मला एक युक्ती सापडली होती. दिवस कलला की मी गोठ्यातला बल्ब लावायची आणि ओट्यावरूनच त्यांना दाखवायची, "आबा, ते बघा, जनावर गोठ्यात आहे." उजेडात चंद्रीचं पांढरं अंग दिसलं की ते "बरं बरं" म्हणायचे आणि जेवायला बसायचे. रोज संध्याकाळी एवढंच नाटक, पण त्यावर आमचं घर चाललं होतं.

यंदा पोळ्याला आबांनी हट्ट धरला, चंद्रीची शिंगं रंगवायची नाहीत, रेडियम गुंडाळायचं. आदल्या वर्षी लेणी बघायला आलेल्या कुणाच्या तरी गाडीने आमच्या आळीतली एक गाय तिन्हीसांजेला उडवली होती. बाकी सगळं विसरणाऱ्या माणसाने तेवढं बरोबर लक्षात ठेवलं होतं. मालकांनी स्टेशनजवळून गाड्यांना लावतात ती लाल पट्टी आणली आणि दोन्ही शिंगांना गुंडाळली. मला तर हसू आवरेना. म्हटलं, आता मागे नंबरप्लेट तेवढी लावा.

पोळा झाला आणि परतीच्या पावसाने धुमाकूळ घातला. वारं असं सुटलं की खांबच आडवे झाले, आणि लाईट गेली ती गेलीच. मोबाईल बंद पडले. पहिल्या दोन संध्याकाळी मी गोठ्यात बॅटरी टांगून माझं नाटक चालवलं, पण त्यात सेल उतरले. दुकानातले सेल कधीच संपले होते. तिसऱ्या दिवशी मी ते चुलीजवळ शेकत ठेवले, असे शेकले की थोडी धुगधुगी येते. देव्हाऱ्यातली देवीसुद्धा चमकायची थांबली होती. तिला दिवसभरात उजेडच मिळेना, ती तरी काय चमकणार. मला उगाच बरं वाटलं, की बघा, मी म्हणत नव्हते का!

सेल बॅटरीत घालून मी गोठ्याकडे गेले, तर खुंट्याला चंद्री नाही. ओट्यावर आबा नाहीत. गोठ्यात उजेड दिसला नाही, म्हणून ते बैल आणायला निघाले असणार. शेजारच्या भागामावशींना हाक मारली.

"आबा व्हय? आत्ताच गेलं की खालच्या अंगाला," मावशी म्हणाल्या. "गाय व्हती संगं. मला वाटलं, तूच धाडलंस."

"मी कशाला धाडू हो या अंधाराचं! खाली साकव वाहून गेलाय!"

"अगं बाई! जा तू फुडं, मी वरल्या आळीतनं मानसं आनते."

खालच्या अंगाला आमची भाताची खाचरं आहेत आणि त्यांच्या शेवटी ओढा. त्या ओढ्यावरचा लहानसा साकव त्याच पावसात गेला होता. आबांना तो गेलेला आम्ही दाखवलाही होता, पण त्यांच्या मनात तो होताच. त्या साकवावरून ते आयुष्यभर बैल आणत आले होते. अंधारात त्यांचा पाय नेमका तिथेच जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि पुढचा विचार करायची छाती होत नव्हती.

पाऊस थांबला होता, पण आभाळ असं दाटलेलं की बांधसुद्धा ओळखू येईना. मी बॅटरी पायाशी धरून भराभर चालले. दोनदा घसरले, साडी चिखलाने भरली. मध्येच बॅटरी समोर फिरवायची, भात तेवढं दिसायचं. हाका मारून घसा बसला, पण ओढ्याच्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. बॅटरीचा उजेड पिवळा पडला, मग तांबूस झाला. मी उभी राहिले. कुठल्या बांधाने जायचं तेच कळेना. आणि खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला आधी रागच आला. मी मोठ्याने बोलले, "जागी आहेस ना गं? मग बघ की! नुसती चमकतेस काय घरात बसून!" एवढं बोलले आणि रडूच फुटलं. म्हटलं, "आई, मला नाही सापडत. माझं डोकं चालत नाही. आता तूच बघ, तुझंच माणूस आहे ते."

दसऱ्याला पूजा झाली की आम्ही विळा-खुरपं उचलून कपाळाला लावतो. तशीच ती बॅटरी मी दोन्ही हातांनी धरली आणि कपाळाला लावली. का, ते मला आजही सांगता येणार नाही. हातात तेवढीच वस्तू होती. डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा बॅटरी कपाळालाच होती, तोंड समोर. समोर खूप खाली, काळोखात, दोन लाल ठिपके जळत होते.

मी दचकून हात खाली घेतला, तर ठिपके गेले. पुन्हा कपाळाशी नेला, तर पुन्हा दिसले, शेजारी शेजारी, थोडे हलणारे. चंद्रीची शिंगं! मग मी बॅटरी कपाळावरून काढलीच नाही. पण तशी धरली की पायापुढचं काही दिसेना. बांध आहे की खाचर, दगड की पाणी, काही कळत नव्हतं. नजर त्या दोन ठिपक्यांवर ठेवायची आणि पाऊल पडेल तिथे पडू द्यायचं, एवढंच हातात होतं. एरवी पावलापावलाला चाचपडणारी बाई मी, पण त्या वेळी भीती वाटली नाही. आणि एकदाही पडले नाही.

जवळ गेले तर चंद्री चारही पाय रोवून उभी होती आणि आबा दावं ओढत होते. त्यांच्या मागे हातभर अंतरावर बांध तुटला होता. खालून पाणी घोंघावत होतं. माझ्याकडे बघताच आबांनी दावं सोडलं आणि दोन्ही हात जोडले. मला वाटलं, थंडीने कुडकुडतायत. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "चला घरी." रोज वाद घालणारा माणूस, मुकाट्याने माझ्यामागे आला. अर्ध्या वाटेवर मावशींनी पाठवलेली माणसं भेटली, आणि तिथेच माझी बॅटरी विझली.

कामावरून आल्यावर मालकांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "अगं, रेडियमचं तसंच असतं. उजेड जिथनं येतो तिथंच ते परत पाठवतं. बॅटरी कमरेशी धरलीस तर लांबून तुला कसं दिसणार? डोळ्याजवळ आली म्हणून दिसलं. कंपनीत सेफ्टीवाल्यांनी दाखवलंय आम्हाला."

"असेल," मी म्हटलं. "पण माझा हात कपाळाकडे कुणी नेला, ते सांगतात का तुमचे सेफ्टीवाले?"

ते हसले. "ते न्हाई सांगत," म्हणाले, आणि आबांच्या अंगावरचं पांघरूण नीट करायला उठले.

खरी गोष्ट मला सकाळी कळली. मावशी चौकशीला आल्या होत्या, मी आत चहा टाकत होते. ओट्यावर आबा त्यांना सांगत होते, "काल आई आलती. देवी. कपाळाला दिवा लावून अंधारातनं सरळ माज्याकडं आली. मी बैलास्नी म्हनलं, थांबा रं, आई आली. हात धरून घरापत्तूर आनलं बग तिनं मला."

मावशींनी दारातून माझ्याकडे बघितलं. चहा उतू गेला तरी चुलीपुढे पदर डोळ्यांना लावून बसून राहिले. मी देवीला हाक मारत होते, आणि तिने मलाच पाठवलं होतं. माझ्यासारख्या अर्धवट विश्वासाच्या, तोंडाळ बाईला!

आता लाईट आहे, गोठ्यातला बल्बही लागतो. तरी संध्याकाळी मी थोडा वेळ देव्हाऱ्यातल्या मूर्तीवर बॅटरी धरते, तिला रात्री चमकायला पुरेल एवढा उजेड देते. त्याआधी बॅटरी कपाळाला लावते. आबा ओट्यावरून बघत असतात. कधी मला ओळखतात, कधी ओळखत नाहीत. ओळखत नाहीत त्या दिवशी हात जोडतात, आणि मी त्यांना अडवत नाही.