अयोग्य नमुना

पेणच्या एसटी स्टँडवर आई मला सोडायला आली ती थेट मिठागरावरून. पुण्याच्या गाडीत माझी पिशवी चढवताना म्हणाली, "शीक बाय. उन्हात राबायचं आमच्यापाशीच संपू दे." मी रडले नाही. सुटल्याचा आनंद झाला होता, तो तिच्यापासून लपवता लपवता पुरेवाट झाली.

पुण्यात शिकले आणि एका संशोधन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागले. माणसाच्या अंगात चरबी किती, स्नायू किती, ट्रेडमिलवर दम किती टिकतो, हे आम्ही मोजतो. गेल्या वर्षी कष्टकरी बायकांच्या शरीराचा अभ्यास सुरू झाला. बाया मिळेनात, तेव्हा मीच तोऱ्यात म्हटलं, माझ्या आईला आणते.

मुठीची ताकद मोजायचं हँडल आईनं असं दाबलं की दोन विद्यार्थिनी बघतच राहिल्या. मग ती चरबी मोजायच्या यंत्रावर अनवाणी उभी राहिली. त्यातून तळपायांवाटे विजेचा अगदी बारीक प्रवाह अंगात सोडतात, माणसाला कळतही नाही. पडद्यावर आकडाच येईना. नुसतं 'एरर'.

आमचे सर म्हणाले, "आजी, पाय स्वच्छ धुऊन या."

आई साबणानं पाय धुऊन आली. पुन्हा एरर. "नीट घासा हो." ती पुन्हा गेली. मी हातात फॉर्म घेऊन उभी. मला ठाऊक होतं. जन्मभर मिठाच्या पाण्यात उभं राहून तिचे तळवे लाकडासारखे झालेत, त्यांतून प्रवाह जाणार नाही. ठाऊक असून मी बोलले नाही. ती परतली तेव्हा टाचेच्या भेगेतून रक्त येत होतं.

तेव्हा कुठे मला कंठ फुटला. "सर, पाय स्वच्छच आहेत. तुमचं यंत्र मऊ पायांसाठी बनवलंय."

"मग वगळा त्यांना," ते सहज म्हणाले आणि आईच्या नावापुढे लिहिलं: नमुना अयोग्य.

मी ते शब्द खोडले. 'यंत्र मोजू शकले नाही' असं लिहून खाली सही ठोकली. सर भडकले, मीही भडकले, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्याच दिवशी मला त्या अभ्यासातून काढलं. आता मी ट्रेडमिलवर श्वास मोजायला तोंडाला लावतात ते मास्क धुते. त्याचा पश्चात्ताप नाही. कष्टकरी बायकांचा अभ्यास म्हणे! कष्ट पायांवर दिसले की बाई अयोग्य.

तपासणीच्या त्या संध्याकाळी स्वारगेटला पेणच्या गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "तुला म्हाईत होतं ना? मंग दोनदा का जाऊ दिलंस मना?"

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आपण घराची आठवण काढून फार हळवे होतो. मला तो हळवेपणा आता सोसत नाही. घर म्हणजे माझ्यासाठी एवढंच उरलंय: एक बाई, जिला तो प्रश्न विचारायचा हक्क आहे. गणपतीला घरी गेले होते. तिनं काही विचारलं नाही, पानात वाढत राहिली. मी मान खाली घालून जेवले.