कुंकू लावलेली कालवड

त्या वर्षी आमच्या गोठ्यात दोनपैकी एकच कालवड ठेवायची होती, आणि जी राहायला हवी होती ती माझ्यामुळे गेली. आईने त्यावरून मला पुढे पुष्कळ टोमणे मारले. बाबांनी एकही नाही.

आमचं गाव बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रस्त्याला. शेजारच्या माळावर इमारती उठायला लागल्या तशी चराई आटली, म्हणून बाबांनी गुरं कमी करायचं ठरवलं. कालवड निवडायची त्यांची एक रीत होती. महिनाभर नुसते बघत राहायचे. पाठ सरळ आहे का, मागची बाजू रुंद आहे का, चारी सड सारख्या अंतरावर आहेत का. पण सगळ्यात आधी बघायचे ते तिच्या आईला. खाण तशी माती, हे ते माणसांबद्दल कधी म्हणाले नाहीत, गुरांबद्दल मात्र हटकून म्हणत. निवड झाली की वसुबारसेला आई त्या कालवडीला कुंकू लावायची. एकदा कुंकू लागलं की ती घरची झाली, तिला विकायची नाही.

एक कालवड आमच्या म्हाताऱ्या कबऱ्या गाईची, बहुतेक शेवटची. कबरीच्या दुधावर बोटभर साय यायची. लेक मात्र मारकुटी. जवळ गेलं की लाथ. बाबा हसून म्हणत, दुभत्या गाईच्या लाथा गोड. मी म्हणायचे, अजून दुभती झालीये कुठे?

दुसरी तांबडी. तिची आई दूध द्यायची ते उपकार केल्यासारखं. पण तांबडी माझ्या खांद्यावर मान टाकून उभी राहायची. मी तेव्हा उल्हासनगरला कॉलेजात होते. येताना कॅम्प तीनच्या बाजारातून भाजीवाल्यांनी टाकलेला फ्लॉवरचा पाला पिशवीत भरून आणायचे. शेअर रिक्षातली माणसं नाक मुरडायची. मी खुशाल पिशवी मांडीवर घेऊन बसायचे, कारण घरी कुणीतरी कान टवकारून माझी वाट बघत होतं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी बाबांनी सांगून टाकलं की कबरीची लेक राहील, तांबडी जाईल. मी जेवले नाही. कुणी समजूतही काढली नाही. आईचा हात करंज्या तळताना भाजला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पूजेचं ताट माझ्याकडे आलं. गाईंना कुंकू लावून झालं आणि मी सरळ तांबडीच्या कपाळाला बोट टेकवलं. चुकून नाही, समजून उमजून. बाबा गोठ्याच्या दाराशीच उभे होते. घरची रीत हा माणूस मोडणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, त्याचाच मी फायदा घेतला.

"झालं मग," एवढंच म्हणून ते वैरण आणायला गेले.

दिवाळीनंतर वांगणीचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला आणि कबरीच्या लेकीला घेऊन गेला. कबरी चार दिवस रस्त्याकडे तोंड करून हंबरत राहिली. पुढे ती गाभण राहिलीच नाही. तांबडी व्याली आणि तिने अगदी आपल्या आईएवढंच दूध दिलं. बाईसाहेबांच्या लाडकीने आज चहापुरतं दिलंय हो, असं आई मला ऐकवायची. बाबा तांबडीच्या पाठीवर थाप मारून रोज धारेला बसायचे.

आता गोठा मोडला. बाबांचे गुडघे गेले, म्हणून ते माझ्याकडे बदलापुरात, कात्रपला, तिसऱ्या मजल्यावर राहतात. सकाळी पिशवीचं दूध तापवताना मला आठवण येते ती तांबडीची नाही. तिचं सगळं सुख मी भोगलं. आठवते ती कबरीची लेक, जिच्या पाठीवरून मी कधी हात फिरवला नाही. तिचं दूध मी चाखलं नाही, तिची वासरं पाहिली नाहीत, आणि जीव ओढ घेतो तो तिच्याचकडे.

मागच्या महिन्यात चहा पिताना मी बाबांना म्हटलं, तेव्हा माझं चुकलं. कबरीचा वाण बुडाला तो माझ्यामुळे. त्यांनी कप खाली ठेवला.

"दोनदा गेलतो मी वांगणीला, तिला बघायला," ते म्हणाले. "पहिल्याच वेताला बादली भरत व्हती. चाल तं अगदी कबरीचीच."

ते कधी गेले, कसे गेले, घरी काय सांगून गेले, मला काहीच माहीत नव्हतं. मला का नाही सांगितलंत, असं विचारलं.

"सांगितलं असतं तं तू तांबडीला परत हात लावला नसतास, बाय. एक गेलीच व्हती. जी उरली तिचं माणूस कशाला घालवायचं?"