न आटलेली स्लॅक्स

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. मागं हा किस्सा सांगताना आमच्या विहीणबाईंना असा ठसका लागला की त्यांची पाठ थोपटायला मलाच उठावं लागलं. तर एका स्लॅक्सपायी मी माझ्याच हातानं माझं कसं हसं करून घेतलं, ते ऐका!

आम्ही किकवीचे. घरात आम्ही दोघी जावा, मी थोरली आणि नंदा धाकटी. आता धाकटी जाऊ कशी असावी? जरा वेंधळी, जरा आळशी. म्हणजे थोरलीला बरं वाटतं! पण ही बया भाकरी थापायची ती चाकासारखी गोल, रांगोळी काढायची तर अख्खी आळी बघायला यायची, आणि वर स्वभावानं गोड! माणसानं जळायचं तरी कुठून? मी तरीपण जळायची. रोज.

त्या वर्षी भोरच्या कॉलेजात बायकांसाठी गिर्यारोहणाचा वर्ग निघाला. शिकवायला पुण्याच्या मेघाताई. मी लगेच नाव घातलं, कारण लहानपणी करवंदं काढायला कड्याकपारीत मीच सगळ्यांच्या पुढं असायची. मी घातलं म्हणून नंदानंही घातलं.

"अक्का, तुमी असल्यावर मला कशाचं भ्या?" म्हणाली.

आणि थोड्याच दिवसांत ती पालीसारखी कडा चढायला लागली. सांगा आता!

थंडीत वेल्ह्याच्या बाजूचा एक सुळका चढायचं ठरलं. मेघाताई म्हणाल्या, "वर दोर मी बांधते. मग तुमच्यातली पहिली कोण, ते सकाळी पायथ्याशी ठरवू. जिचं अंग मोकळं, पाय गरम, ती आधी." त्या सुळक्यावर पोचणारी आमच्या भागातली पहिली बाई! तिचा फोटो भोरच्या साप्ताहिकात येणार होता. त्या फोटोत मी असावी आणि नंदा नसावी, एवढंच माझं मागणं होतं. देवापुढंही मी ते अगदी याच शब्दांत मागितलं होतं.

मेघाताईंनी कपड्यांचंही नीट समजावून सांगितलं होतं. पँटच्या आतून गरम स्लॅक्स घालायची. सुती नको, ती घाम धरते आणि गार पडते. आणि अंगासरशी बसणारी हवी. सैल असली तर ऊब राहत नाही आणि पायही उचलत नाही.

नंदाचा भाऊ फौजेत, कुठं तरी बर्फात. बहिणीचं पत्र गेलं आणि त्याचं पार्सल आलं! काळी स्लॅक्स, बाहेरून गुळगुळीत, आतून मऊ, आणि इतकी पातळ की मुठीत मावेल. नंदानं ती घालून घरभर उठाबशा काढून दाखवल्या. एक सुरकुती पडेल तर शपथ! सासूबाईंनी कापड चिमटीत धरून बघितलं.

"सायीवानी हाय गं बाई!" त्या म्हणाल्या.

मी सकाळपासून काही तिखट खाल्लं नव्हतं, तरी माझ्या पोटात आग पडली. नंदाच्या ते ध्यानात आलं असावं. "अक्का, तुमी घालता का ही? मी काय बी घालीन."

"मला काय कमी हाय?" मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं भोरचा बाजार गाठला.

बाजारात हमीदभाईंचं बनियन-मोज्यांचं दुकान होतं. भाईंनी आधी एक लोकरी विजार काढली. ती पुरुषांची होती आणि पुढं बटणं होती. मग गॅदरिंगच्या नाचात मुली घालतात तसली अंगाच्या रंगाची स्लॅक्स काढली. ती घालून सुळक्यावर गेले असते तर खालून बघणाऱ्यांना काय वाटलं असतं, याचा तुम्हीच विचार करा! शेवटी काळी निघाली. आतून मऊ, बाहेरून चकचकीत.

"हीच! अगदी तिच्यासारखी!" मी ओरडले.

"कुणासारखी, वयनी?"

"ते जाऊ द्या भाई. मोठी काढा."

"तुमाला ही मधली बराबर बसंल."

"मोठी काढा म्हंते ना. त्याच्यावरची हाय का?"

"हाय की. पर वयनी, ही आटत न्हाई."

आता मला सांगा, आपल्यात कुणी कधी मापाचा कपडा घेतलाय? शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा. जंपर शिवला, तर दंडाला आत शिवणीत बोटभर कापड सोडलेलं. कोरं कापड धुतलं की आटतं, हे आमच्यात पाळण्यातल्या पोराला ठाऊक! तिथं दुकानदार सांगणार आणि मी ऐकणार? मी सगळ्यात मोठी घेतली आणि ऐटीत घरी आले.

कढत पाण्यात धुतली. आटली नाही. चुलीवर आधण ठेवून त्यात बुडवली. आटली नाही. दगडावर आपटली, उन्हात टाकली. उलट जरा सैलच झाल्यासारखी वाटली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी ताणून बघितली आणि म्हणाल्या, "शालन, ह्यात तू आन मी दोगी मावू."

नंदानं ती नीट घडी घालून ठेवली. हसली असती तर भांडायला तरी मिळालं असतं!

निघायच्या आदल्या दिवशी दोघींचं सामान नंदानंच बांधलं. धाकटीनं थोरलीचं करायचं, ही आमच्याकडची रीतच. दवानं ओलं होऊ नये म्हणून दोन्ही स्लॅक्स तिनं वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळीनं बांधल्या. माझं पुडकं लाल पिशवीत, तिचं पिवळ्या पिशवीत.

मुक्काम सुळक्याच्या पायथ्याच्या देवळात होता. थंडी अशी की दात एकमेकांशी भांडत होते. फटफटलं तशी नंदा तोंड धुवायला झऱ्यावर गेली, आणि माझी नजर त्या पिवळ्या पिशवीवर गेली.

होय, गेली! मी काही संत नाही. मी तिचं पुडकं काढून माझ्या लाल पिशवीत टाकलं, माझं तिच्या पिवळ्या पिशवीत सारलं आणि पांघरुणात शिरून घोरायला लागले. पुडकी सोडून बघायला वेळ कुणाला होता? बाहेर चपला वाजत होत्या!

मग देवळामागं जाऊन मी पुडकं सोडलं, पाय घातले आणि स्लॅक्स वर ओढली. कमरेपर्यंत आली. अजून ओढली. अजून येतच होती! काखेत पोचली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, अगं बाई, ही तर माझीच!

आता बघा हं. नंदाच्या पिशवीतून मी पुडकं काढलं आणि त्यातून माझी स्लॅक्स निघाली. म्हणजे तिची चांगली स्लॅक्स आधीपासून माझ्या पिशवीत होती. आणि ती मी स्वतःच्या हातानं तिला नेऊन दिली! पण ती माझ्या पिशवीत आली कशी? कुणाला विचारणार? विचारलं असतं तर पहिला सवाल आला असता, "पर अक्का, तुमाला कसं कळलं?"

तेवढ्यात नंदा समोर आली. पँट घातलेली, पाय हलके, आणि डोळ्यांत पाणी. माझी चोरी पकडली गेली असं मला वाटलं.

"पहिली कोण?" मेघाताईंनी विचारलं.

एवढं झालं तरी मी हात वर केला! हाव माणसाला गप्प बसू देत नाही. कमरेला स्लॅक्सच्या दुमड्या घातल्या, वरून पँट, वरून दोराचा पट्टा. लोक विचारायला लागले असते, शालनबाईंना कितवा महिना? पहिला टप्पा कशीबशी चढले. मग पाय वर टाकायला गेले तर गुडघ्याशी कापडाचा हा एवढा बोळा! पाय उचलेना. जोर लावला तशी डाव्या पायाची स्लॅक्स पँटमधून खाली सरकली, बुटाच्या पुढं आली आणि लोंबायला लागली. उजवा पाय मी नेमका तिच्यावरच दिला!

दोरावर गरगर फिरताना मला सगळं वेल्हं दिसलं. खालून आमच्यातली एक जण ओरडली, "शालनबाई, ती सोंड कसली लोंबतीय?"

मेघाताईंनी मला अलगद खाली घेतलं. मग नंदा गेली. गेली म्हणजे काय, जिना चढल्यासारखी गेली! वर उभी राहिली आणि फोटो निघाला. फोटोत खालच्या कोपऱ्यात मीही आहे. दगडावर बसून पायातून काही तरी ओढत असलेली.

नंदा खाली उतरली ती थेट माझ्या गळ्यात पडली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "मेघाताई, थोरल्या जावंचा मान म्हून मी माजी स्लॅक्स गुपचूप अक्काच्या पिशवीत घातली हुती. तर अक्कांनी ती गुपचूप परत माज्या पिशवीत घातली! सोता असली घालून चढल्या! एवढं मोठं मन हाय का कुणाचं?"

टाळ्या! मेघाताईंनी डोळे पुसले. मी काय करणार? मीही पुसले. माझं रडू खरं होतं, कारण मात्र वेगळं होतं.

त्या दिवसापासून किकवीत मी देवमाणूस झाले. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला धरून तेच सांगायच्या. मोठेपणाचं हे ओझं काय असतं विचारू नका. पुढच्या थंडीत नंदाच्या भावाचं पार्सल आलं. या वेळी त्यानं दोन पाठवल्या होत्या, दोन्ही अगदी मापाच्या! मी हात पुसत पुसत चुलीपासून उठले. तोवर सासूबाईंनी दोन्ही नंदाच्या हातात दिल्या होत्या.

"एक तू ठेव, एक तुज्या भनीला दे," त्या म्हणाल्या. "आमच्या थोरलीला कशाची हाव न्हाई. दिली तरी परत करंल ती!"

तेव्हा मी अजून तीच घालते. थंडी आली की आधी आधणात बुडवून बघते, पण हमीदभाई म्हणाले ते खरं, आटत नाही.