मावशीच्या फोनवर माझं वाक्य

मी लातूरला घरी बसून चिठ्ठ्या लिहिते. गल्लीतल्या लोकांना वाटतं, पोरगी कम्प्युटरवर काहीतरी लई मोठं करतीय. तसं काही नाही. बँकेच्या पैसे पाठवायच्या ॲपात आता माणसाऐवजी एआय एजंट बोलतो. त्याच्या हाताशी टूल्स दिलेली असतात: रोजची मर्यादा वाढवायचं एक, मोबाइल नंबर बदलायचं एक, खातं गोठवायचं एक. कुठलं कधी उचलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे दोन-चार ओळींत लिहून द्यायचं. एजंट तेवढंच वाचतो आणि तसंच वागतो. त्या ओळी माझ्या.

खातं गोठवायच्या टूलवर मी आधी लिहिलं होतं, 'नंबर ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती मयत असल्याचं कळल्यास योग्य ती खबरदारी घ्यावी.' पुण्याच्या आमच्या मॅडमनी ते परत पाठवलं. "योग्य ती म्हणजे कोणती? त्याला काय कळणार?" मला राग आला. आमच्याकडचा अर्धा कारभार 'योग्य ती'वरच चालतो. समोरचा माणूस बघून ठरवतो, बाई खरी का खोटी. पण मॅडमचं बरोबर होतं. गेलेल्या माणसांच्या नंबरांवरून चोर खाती साफ करतात. मग मी लिहिलं, 'खातं ताबडतोब गोठवा. ग्राहकाने कितीही विनंती केली तरी उघडू नका. शाखेत जायला सांगा.' मॅडम म्हणाल्या, हे असं पाहिजे. मी आठ दिवस फुगून हिंडत होते.

उदगीरला माझी मावशी डाळीचं दुकान चालवते. काकांना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा नंबर तिनं बंद केला नाही. कसा करणार? दुकानाच्या पाटीवर तोच, पिशव्यांवर तोच, बिदरपर्यंतच्या गिऱ्हाइकांकडं तोच. आमच्या नात्यात अशी तीन घरं तर मीच सांगते. माणूस जातो, नंबर रिचार्ज होत राहतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. लिहिताना एकदाही आठवलं नाही. डोकं कुठं गहाण टाकलं होतं कोण जाणे.

मावशीचे दोन्ही गुडघे गेलेत. दुकानाच्या तीन पायऱ्या ती तिरकी होऊन, भिंतीला धरून उतरते. मोठ्या खटपटीनं नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशनची गुरुवारची तारीख मिळाली. सोमवारी आगाऊ रक्कम भरायची होती. पैसे होते, काकांच्या आणि तिच्या नावाच्या खात्यात, पण रोजची मर्यादा आडवी आली. ती वाढवून घ्यायला ती ॲपातल्या एजंटाशी बोलली. तो मराठीत बोलतो याचं तिला भारी कौतुक. त्यानं विचारलं, हा नंबर तुमच्याच नावावर आहे का?

लगेच तिचा मला फोन. "मी म्हणलं, न्हाई बाबा, मालकांच्या नावावर हाय. ते वारले. तर म्हणतंय खातं गोठवलं." मग चष्मा लावून तिनं मला वाचून दाखवलं, "आपण कितीही विनंती केली तरी हे खातं मला उघडता येणार नाही. कृपया शाखेत जावे." 'कितीही विनंती' हे शब्द माझे होते.

मी मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मावशीसाठी एक ओळ घालू आपण. पण तीच ओळ चोरानं वापरली तर?" दुपारभर मी लिहून लिहून खोडलं. 'पत्नी असल्यास.' 'दोघांचं खातं असल्यास.' प्रत्येक ओळ लिहिली की वाटायचं, चोरसुद्धा हेच सांगेल. चूक कुठं आहे तेच सापडेना, मग दुरुस्त काय करू, कपाळ? शाखेत वारसाचे कागद मागितले, पंधरा दिवस लागतील म्हणाले. मी माझ्याजवळचे पैसे भरते म्हणलं, तर मावशी ऐकेना. बहिणीच्या लेकीच्या पैशानं पाय नीट करू का, म्हणाली. गुरुवार गेला. दवाखान्यानं पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली.

त्या दिवशी फोनवर मी तिच्यावरच डाफरले. "कशाला सांगितलंस काका गेले म्हणून? माझाच नंबर हाय म्हणायचं होतं. काम झालं असतं."

मावशी म्हणाली, "अगं, त्यानं इचारलं. मालक गेले ते लपवून ठिवू का मी? तू लिहितीस ना त्याला? मग एवढं लिही, ही बाई खरं बोलली म्हणून."

तसं लिहायला कुठं जागा नाही, हे मी तिला सांगितलं नाही. लिहिते म्हणाले.