हळदीकुंकवाला घातलेल्या पाटल्या

सोन्याच्या पाटल्या दिसल्या की मुलुंडचं ते प्रकरण आजही मनात वर येतं. पोलीस खात्यातून माझी निवृत्ती जवळ आली होती आणि घराच्या कर्जाचे हप्ते भरता भरता मी टेकीला आलो होतो. नेमका तेव्हाच एका दिवाळखोराचा तपास माझ्याकडे आला.

त्याचा केटरिंगचा धंदा बुडाला होता. क्रेडिट कार्डं आणि मोबाइलवरची कर्जं डोक्यावर चढली, तेव्हा तो कोर्टात गेला. कोर्टाने त्याला दिवाळखोर ठरवलं आणि वसुलीवाल्यांचे फोन बंद झाले. पुढच्या तारखांना कर्जमुक्तीचा आदेश मिळाला की तो मोकळा. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. आम्ही पोटाला चिमटा काढून हप्ते भरायचे आणि हा एका अर्जावर सुटणार!

अशात पोलीस ठाण्याच्या लँडलाइनवर एका बाईचा फोन आला. नाव सांगितलं नाही. "तो काय कंगाल वगैरे नाही हां साहेब. सासूबाईंच्या पाटल्या घालून त्याची बायको हळदीकुंकवात मिरवत होती. कोर्टाला सांगितलंय का ते?"

मी स्टेशन डायरीत नोंद केली. मालमत्ता दडवल्याचं निघालं असतं तर त्याची कर्जमुक्ती अडली असती, वर गुन्हा दाखल झाला असता. पण फोनवरचं 'सासूबाईंच्या' मला खटकलं. शेजारीण असती तर 'तिच्या सासूच्या' म्हणाली असती. निनावी फोन करणारा बहुतेक वेळा घरातलाच निघतो, हा माझा अनुभव.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवत नाहीत, म्हणून महिला हवालदाराला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. दिवाळखोराची बायको आधी म्हणाली, "खोट्या होत्या, एक ग्रॅमवाल्या." दाखवा म्हटलं तर दाखवायला काही नाही. नवरा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला खरंच काही ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "ताई, स्त्रीधन नवऱ्याच्या कर्जात जात नाही. पण तुम्ही खोटं बोललात तर त्याची वाट लागेल."

तिला रडू कोसळलं. "आईंनी शपथ घातलीय. त्यांनाच विचारा."

सासू राहत होती थोरल्या मुलाकडे, कांजूरमार्गला. दार थोरल्या सुनेने उघडलं. "कोण हवंय?" एवढंच तिने विचारलं आणि मी फोनवरचा आवाज ओळखला. तीही समजली. पदर सावरत मागे सरली.

म्हातारीने कपाट उघडून पाटल्या समोर ठेवल्या. "साहेब, दोन सुनांना मी दोन जोड केले होते. धाकटीने तिचा जोड कर्ज फेडायला मोडला. हा थोरलीचा."

"माझा?" थोरली ओरडलीच. "इतकी वर्षं धाकटीलाच सगळं देता म्हणून मी जळतेय. मला का नाही दिलात?"

"दिला असता तर फ्लॅटच्या हप्त्यात घातला असतास. त्या दिवशी चारचौघींत धाकटीचे हात भुंडे दिसत होते गं. एका दुपारपुरता तुझा जोड तिला दिला. तुला कळलं तर घर डोक्यावर घेशील म्हणून शपथ घातली."

धाकटीच्या जोडाच्या विक्रीची सराफाकडे खातरजमा केली. ती कोर्टाला आधीच कळवलेली होती. मालमत्ता दडवलेली नाही, असा अहवाल मी पाठवला. नवऱ्याचं दिवाळं निघालं तरी सुनेने हळदीकुंकवाला रिकाम्या हाताने बसू नये, एवढ्यापायी त्या घराने त्याची सुटका पणाला लावली होती. दिवाळखोराचा पैसा कुठे गेला हे शोधायला कायदा आहे. त्याच्या सुटकेने हप्ते भरणाऱ्या भावाच्या घरात काय पेटतं, त्याला मात्र कलम नाही, हे मी त्या तपासात शिकलो.

त्या दिवशी जबाब घेऊन निघालो तेव्हा म्हातारीने पाटल्या थोरलीच्या हातात दिल्या होत्या. ती त्या तशाच धरून दारापर्यंत आली.

"साहेब," तिने हळूच विचारलं, "मग त्याचं कर्ज आता खरंच माफ होणार?"

चार शब्द सुनावावेत म्हणून मी तोंड उघडलं, पण तोच प्रश्न मलाही सलत होता. "होणार," म्हणालो आणि जिना उतरलो.