काखेत उसवलेलं जाकीट

माझी आत्या शिवणकाम करायची आणि रॉक ऐकायची, दोन्ही सारख्याच जोशात. दुकानात शिलाई मशीनपेक्षा स्पीकर मोठा. गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला उभं राहिलं, की ती गळ्यात टेप अडकवून आधी विचारायची, "हे ऐकलंय का?" नाही म्हटलं तर कोट राहायचा बाजूला आणि अख्खं गाणं ऐकावं लागायचं.

तिची मतं ठाम होती. गिटारवाले पोटात कळ आल्यासारखी तोंडं करतात, ते माफ. पण शेवट सुचला नाही म्हणून गाण्याचा आवाज हळूहळू कमी करत नेणं, ही शुद्ध पळवाट. गायिकांचे मासिकातले फोटो पाहून तर तिचं डोकंच फिरायचं. "पुरुषाच्या फोटोत वाद्य दिसतं, बाईच्या फोटोत पाय. असल्या झग्यात ही श्वास कुठून घेणार? आणि श्वासच नाही तर गाणार काय, कप्पाळ?"

मात्र त्याच तोंडाने ती असंही म्हणायची, की ड्रम्स हे बाईचं काम नव्हे. तासभर ते बडवायचे तर खांदे लागतात. यावरून आमचे खटके उडायचे, पण ती कुणाचं ऐकतेय!

एका दुपारी तिशीतली एक उंच बाई दुकानात आली. हातात काळं जाकीट.

"काखेत उसवलंय. तिसऱ्यांदा."

आत्याने जाकीट उलटं केलं. "कापड झकास, शिवणारा गाढव. पाठ नुसती आवळून टाकलीय. हे घालून करता काय तुम्ही?"

"ड्रम्स वाजवते."

आत्याने जाकिटावरून नजर उचलून तिचे खांदे न्याहाळले.

"आमचे मॅनेजर म्हणतात, असंच घट्ट छान दिसतं."

"मग त्यांनाच घाला म्हणावं," आत्या म्हणाली आणि माप घ्यायला उठली. बाई हात सरळ सोडून उभी राहिली. "अशा नका उभ्या राहू. बसा. वाजवा."

तिने दोन लाकडी पट्ट्या बाईच्या हातात दिल्या आणि स्टूल कापडं बेतायच्या टेबलाजवळ ओढलं. बाई आधी लाजली, मग सुरू झाली. टेबलावरचे खडू उड्या मारू लागले. आत्या मागे उभी राहून पाठीवर टेप धरत होती आणि टेप दर वेळी हातातून निसटत होती.

"चार बोटं," ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली. "वाजवताना पाठ चार बोटं रुंद होते गं हिची!"

आत्याने सबंध पाठ उसवली. मध्ये सैल चुण्या घातल्या, काखेत चौकोनी तुकडे जोडले. जाकीट तयार झाल्यावर ते पोचवायला स्वतःच निघाली, मलाही सोबत घेतलं. "शिवण टिकते का बघायला नको?" असं वर म्हणाली.

तालमीची जागा म्हणजे एक जुनं गोदाम. भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या, जमिनीवर वायरींचा गुंता. बाईने जाकीट चढवलं, बसली आणि पहिला ठोका पडला. तो कानाआधी तळपायांना कळला. मग सुटलीच ती! गिटारवाले दोघे आणि गाणारा, तिघेही वळण घ्यायच्या आधी तिच्याकडे बघत होते. ती मान हलवी तेव्हाच गाणं वळे. हात दिसत नव्हते इतके वेगात होते, आणि चेहरा मात्र भाजी निवडत बसल्यासारखा शांत.

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. शिवणीकडे तिचं लक्षच नव्हतं. सव्वा तास ती जागची हलली नाही.

शेवटी बाई घामाने निथळत आली आणि दोन्ही हात वर करून म्हणाली, "बघा, एक टाका हलला नाही!"

आत्याने तिचा हात हातात घेतला. तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "बायकांना हे जमत नाही, असं मी जन्मभर बोलत आले. न बघताच. चुकलंच माझं."

"माझी आईही तेच म्हणते," बाई हसली. "एकदाही ऐकायला आली नाही."

"मग दुकानात पाठवा त्यांना. काहीतरी शिवायचं निमित्त काढून."

पुढच्या आठवड्यात तिची आई आली, एक स्कर्ट घेऊन. आत्याने माप घेतलं आणि लेकीने दिलेलं रेकॉर्डिंग लावलं. मध्ये बराच वेळ नुसते ड्रम्सच होते. आई स्टुलाच्या कडेवर बसून ऐकत राहिली. गाणं थांबल्यावर तिने विचारलं, "हे सगळं ती एकटी वाजवते?"

"एकटी," आत्या म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"परत लावता?"